वर्ग जगाचा, भाषा कुणाची?

जानेवारी २०१९ची गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जैवसांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या संचालकांकडे दोन प्राध्यापक आले. विद्यार्थ्यांच्या बसण्याच्या खोलीत काही मुलं मोठमोठ्याने चिनी बोलत होती. ती कोण, हे त्यांना फोटो बघून ओळखायचं होतं. पुढेमागे या मुलांनी इंटर्नशिप मागितली तर नावं ध्यानात असलेली बरी, असा त्यांचा हिशेब. संचालकांनी परदेशी विद्यार्थ्यांना ईमेल पाठवली: अशाने तुमचंच नुकसान होईल, तेव्हा या इमारतीत असेपर्यंत शंभर टक्के इंग्रजीच बोला. ईमेल समाजमाध्यमांवर गेली, चीनपर्यंत गाजली. संचालकांना ते पद सोडावं लागलं आणि वैद्यकीय विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांनी माफी मागितली.

तासाला ही मुलं इंग्रजीतच बोलत होती. इंग्रजीची परीक्षा पास होऊनच ती आली होती आणि फीही भरून बसली होती. तक्रार होती ती दोन तासांच्या मधल्या गप्पांबद्दल. परदेशी विद्यार्थी हवेत, पण त्यांचं परदेशीपण कानावर पडायला नको, असा या सगळ्याचा अर्थ होतो.

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या २०००च्या सुमारास २० लाखांच्या आसपास होती. २०२२पर्यंत ती ७० लाखांच्या घरात गेली. अमेरिकेत २०२३-२४ या वर्षी ११ लाख २६ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांतले ३ लाख ३१ हजार भारतीय, म्हणजे सर्वांत मोठा गट. जर्मनीतही भारतीय विद्यार्थी ४९ हजारांवर पोचून पहिल्या क्रमांकावर आले. विद्यापीठांची माहितीपत्रकं या सगळ्याला ‘विविधता’ म्हणतात आणि देशांचा आकडा छापतात. पण एका वर्गात किती देशांचे पासपोर्ट जमले यावरून फारसं काही कळत नाही. विचारायला हवं ते वेगळंच: एकमेकांचं समजावं म्हणून जे कष्ट पडतात, ते करतं कोण? येणारा एकटाच, की बोलावणाराही? हा प्रश्न हाताशी धरून उच्च शिक्षणातल्या भाषा आणि संस्कृतींच्या व्यवहाराकडे पाहिलं, तर बराच उलगडा होतो.

वाद नवा नाही

इ. स. ६७१ मध्ये इत्सिंग हा चिनी भिक्षू नालंदेला जायला निघाला. पण थेट गेला नाही. वाटेत सुमात्रा बेटावरच्या श्रीविजयात तो सहा महिने थांबला आणि तिथे संस्कृत व्याकरण शिकला. पुढे त्याने आपल्या देशबांधवांना सल्लाही दिला की, भारतात जाण्याआधी इथे एक-दोन वर्षं राहून तयारी करा. आजच्या भाषेत त्याला ‘प्रिपरेटरी कोर्स’ म्हणता येईल. नालंदेची भाषा ठरलेली होती. ती शिकून यायचं काम पाहुण्याचं.

मध्ययुगीन युरोपात हीच जागा लॅटिनने घेतली होती. पॅरिसच्या विद्यापीठात मुलं आणि शिक्षक ‘नेशन’ नावाच्या गटांत विभागलेले असत: फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश. वर्गात लॅटिन, बाहेर आपापली बोली. लॅटिन कुणाच्याच आईची भाषा नव्हती, त्यामुळे ती शिकण्याचा भार सगळ्यांवर सारखा होता. भांडणं व्हायची ती सत्तेवरून. प्राग विद्यापीठात चार नेशनना प्रत्येकी एक मत होतं. १४०९ मध्ये राजा चौथा व्हेन्सेस्लास याने कुट्ना होरा इथल्या फर्मानाने बोहेमियन नेशनला तीन मतं दिली आणि बाकीच्या तिघांना मिळून एक. जर्मन शिक्षक आणि विद्यार्थी उठून निघून गेले. त्याच वर्षी लायपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं, ते या बाहेर पडलेल्यांमुळे.

राष्ट्रवादाच्या काळात लॅटिन मागे पडली, देशी भाषा विद्यापीठांत आल्या आणि भांडण मतांवरून माध्यमावर आलं. त्याचं टोक दिसलं बेल्जियममधल्या लुव्हेनला. डचभाषक फ्लँडर्समधल्या या जुन्या कॅथलिक विद्यापीठात फ्रेंच शाखाही होती. फ्रेंच शाखेने इथून जावं, या मागणीचं आंदोलन इतकं पेटलं की, फेब्रुवारी १९६८ मध्ये देशाचं सरकार पडलं. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच भागासाठी लुव्हें-ला-नव्ह हे नवं गावच वसवलं गेलं. ग्रंथालयाची वाटणी करताना बऱ्याच पुस्तकांसाठी सम आणि विषम क्रमांकांचा निकष लावण्यात आला. एकाच ग्रंथाचे खंड दोन गावांत गेल्याचे किस्से तिथे अजून सांगतात.

इंग्रजीची मजल

आजच्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा सांगाडा युरोपात तयार झाला. १९८७ मध्ये इरास्मस योजना सुरू झाली; एका देशातल्या विद्यार्थ्याने काही महिने दुसऱ्या देशात शिकावं, तिथली भाषा आणि माणसं ओळखावीत, ही तिची कल्पना. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पदव्यांची रचना एकसारखी करायचं ठरवलं. जाहीरनाम्यात भाषांच्या विविधतेचा मान राखण्याची ग्वाही होती. प्रत्यक्षात घडलं उलट. इंग्रजी ही अधिकृत भाषा नसलेल्या युरोपीय देशांत पूर्णपणे इंग्रजीतून चालणारे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम २००१ मध्ये ७२५ होते. २०१४ मध्ये ते ८,०८९ झाले. परदेशी विद्यार्थी, परदेशी प्राध्यापक, क्रमवारीतला नंबर आणि फी या सगळ्या वाटा इंग्रजीतूनच जात होत्या.

विरोध झाला आणि तो न्यायालयांपर्यंत गेला. मिलानच्या पॉलिटेक्निकने २०१२ मध्ये ठरवलं की, पदव्युत्तर आणि पीएचडीचं सगळं शिक्षण इंग्रजीतून होईल. तिथल्याच प्राध्यापकांनी दावा लावला. इटलीच्या घटना न्यायालयाने २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: काही अभ्यासक्रम इंग्रजीतून जरूर चालवा, पण सगळ्याच शिक्षणातून इटालियन हद्दपार करता येणार नाही. फ्रान्समध्ये २०१३ मध्ये परदेशी भाषेतल्या अध्यापनाची मुभा वाढवणारा कायदा आला तेव्हा ‘लिबेरासियों’ या दैनिकाने पहिलं पान चक्क इंग्रजीत छापून कायद्याची बाजू घेतली. त्यावरही गहजब झाला.

सर्वांत बोलकं उदाहरण नेदरलँड्सचं. १९९० मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यापीठांची भाषा इंग्रजी करण्याची कल्पना मांडली. संसद संतापली आणि शिक्षण डचमध्येच द्यावं, अपवाद सकारण असावेत, असं कायद्यात आलं. पुढच्या तीस वर्षांत अपवादच नियम होऊन बसला. २०१८ मध्ये एका शिक्षण संघटनेने मास्त्रिख्त आणि ट्वेंटे या विद्यापीठांविरुद्ध दावा केला, तो फेटाळला गेला. पण राजकारण थांबलं नाही. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या मिळेनात. खोलीची सोय नसेल तर येऊ नका, असं काही विद्यापीठांनीच परदेशी विद्यार्थ्यांना कळवलं. पदवीच्या पातळीवर डच भाषेचं प्रमाण वाढवू पाहणारं विधेयक २०२४ मध्ये संसदेत आलं.

डच वर्गातल्या इंग्रजीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तिथे प्राध्यापक डच, समोर बसलेला ग्रीक, शेजारी चिनी. इंग्रजी तिघांनाही परकी. चुकायची मुभा सगळ्यांना आणि मेहनतही सगळ्यांना. लंडन किंवा शिकागोच्या वर्गात ही बरोबरी नसते.

बँड आणि कान

परदेशी जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलांच्या बोलण्यात ‘साडेसहा बँड’ हा शब्द सहज येतो. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा १९६४पासून आणि जिच्यात हे बँड मिळतात ती आयईएलटीएस १९८९पासून अस्तित्वात आहे. या परीक्षा फक्त एकाच बाजूची भाषा मोजतात. त्या व्हिसाला जोडल्या गेल्या की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. २०१४ मध्ये बीबीसीने टोइक परीक्षेच्या काही केंद्रांवरची फसवणूक उघड केली. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या कंपनीने तपासलेल्या निकालांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवले. सुमारे ३४ हजार निकाल थेट अवैध झाले. त्या आधारावर हजारोंचे व्हिसा गेले, त्यांत भारतीय बरेच होते. फसवणूक झालीच होती. पण सरसकट सगळ्यांना त्यात ओढल्यामुळे निर्दोष विद्यार्थ्यांना आपली बाजू मांडायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

ऐकणाऱ्याच्या कानाची परीक्षा मात्र कोणी घेत नाही. ती एकदा जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी घेतली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग साधा होता. ओहायोत वाढलेल्या एका अमेरिकन बाईच्या आवाजात व्याख्यान ध्वनिमुद्रित केलं आणि ते पदवीच्या विद्यार्थ्यांना ऐकवलं. ऐकताना समोर वक्त्याचा म्हणून एक फोटो. काहींना गोऱ्या बाईचा, काहींना आशियाई बाईचा. आवाज तोच, शब्द तेच. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परके वाटले आणि व्याख्यानातलं त्यांना समजलंही कमी. त्याआधीच्या दशकापासून अमेरिकेतली अनेक राज्यं परदेशी शिक्षक-सहायकांच्या इंग्रजीवर कायदे करत होती. टीए म्हणजे शिक्षक-सहायक म्हणून पोटापाण्याची सोय करणारी आपली मुलं आजही वर्गापुढे उभं राहण्याआधी उच्चारांची चाचणी देतात. समोरच्या बाकांवरच्यांना ऐकायला शिकवावं, हे क्वचितच कुणाला सुचतं.

संशोधनात हाच भार आकड्यांत मांडता येतो. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तरुण संशोधकांना इंग्रजी निबंध वाचायला देशानुसार सुमारे ४७ ते ९१ टक्के जास्त वेळ लागतो. इंग्रजीच्या कारणावरून त्यांचे निबंध परत येण्याचं प्रमाण अडीच पटींहून अधिक आहे. हा वेळ कुठल्याच शिष्यवृत्तीत धरलेला नसतो.

न लिहिलेले नियम

भाषा निदान शिकता येते. वर्गाचे रिवाज कुणी सांगतही नाही. आपल्याकडचा विद्यार्थी शिक्षकाने विचारल्याखेरीज बोलत नाही, याला आपण शिस्त म्हणतो. अमेरिकेत वर्गातल्या सहभागाला गुण असतात आणि गप्प बसणाऱ्याने वाचूनच आणलेलं नाही, असा समज होतो. मार्गदर्शक म्हणतात, मला नावाने हाक मार. पीएचडीला गेलेल्या मुलाच्या तोंडी ‘सर’ बसलेलं असतं, नाव काही निघत नाही. मग तो कित्येक महिने कसलंच संबोधन न वापरता ईमेल लिहीत राहतो. पाठ करून जसंच्या तसं लिहिलेलं उत्तर इथे पैकीच्या पैकी गुण मिळवतं, तिथे त्याच सवयीपायी वाङ्मयचौर्याची नोटीस येऊ शकते. अशा मुलाला अडाणी किंवा अप्रामाणिक ठरवणं सोपं असतं, रिवाज समजावून सांगणं कष्टाचं.

येणाऱ्याच्या गाठोड्यातही ज्ञान असतं, हे ओळखणारे यजमान मात्र पूर्वीही होते. आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात १८८६ मध्ये पदवी घेतली. १८८५ मध्ये काढलेल्या एका फोटोत त्या, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या ताबात इस्लामबुली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. तो फोटो आता सगळीकडे फिरतो. त्याहून महत्त्वाचा आहे आनंदीबाईंचा प्रबंध. विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. अमेरिकी वैद्यकाच्या पदवीसाठी आपल्या परंपरेतलं ज्ञान तपासायला घेण्याची मुभा त्यांना मिळाली. आज अनेक विद्यापीठांत सांस्कृतिक दिवसाला साडी नेसून यायला सांगतात, पण अभ्यासक्रमाच्या वाचनयादीत आशिया-आफ्रिकेचं एक पुस्तक नसतं.

पाहुण्यांच्या गटातही सगळे सारखे नसतात, हे यजमानांना उशिरा कळलं. ‘भारतीय विद्यार्थी’ म्हणून ज्यांची एका रकान्यात नोंद होते, त्यांच्यात जात सोबत आलेली असते. आडनाव विचारून अंदाज घेणं, रूममेट निवडताना चाचपणी करणं हे प्रकार दलित विद्यार्थ्यांनी अमेरिकेत मांडल्यावर ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने तो २०२२ मध्ये जाहीर केला. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर दरवर्षी अनुसूचित जातींतले ७५ विद्यार्थी निवडले जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला त्यांतला एखादा आणि दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी शाळेतून गेलेला मुलगा एकाच विमानाने उतरत असतील, पण दोघांचा प्रवास सारखा नसतो.

रुग्ण कोणत्या भाषेत कण्हतो?

माध्यम इंग्रजी ठेवलं की भाषेचा प्रश्न सुटला, ही समजूत वैद्यकीय शिक्षणात सर्वांत आधी उघडी पडते. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, युद्धाआधीचं युक्रेन इथे एमबीबीएससाठी गेलेल्या भारतीय मुलांत महाराष्ट्रातली कितीतरी. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून हजारो विद्यार्थी युक्रेनमधून परत आणावे लागले, तेव्हा या वाटेची रुंदी घरोघरी कळली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. वर्गात हे जमतं. पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर खाटेवरची म्हातारी रशियन किंवा किर्गिझ बोलते. कधीपासून दुखतंय, कळ येते की जळजळ होते, हे तिच्या भाषेत विचारता आलं नाही तर विद्यार्थी शिक्षकांच्या पाठीमागे नुसता उभा राहतो. ज्यांनी पहिल्या दोन वर्षांत तिथली भाषा मनावर घेतली, त्यांनाच रुग्ण तपासायला मिळतो.

हे आपल्यालाही लागू आहे. ससून किंवा केईएममधला रुग्ण मराठी बोलतो आणि तिथे शिकणारा मुलगा केरळचा किंवा नेपाळचा असू शकतो. भारतातल्या २०१९च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत महिन्यात स्थानिक भाषेची ओळख करून देण्याची तरतूद करण्यात आली. कल्पना योग्य, एक महिना अर्थातच अपुरा.

फी, घरं आणि मतं

इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची फी सरकार ठरवतं, परदेशी विद्यार्थ्याची विद्यापीठ ठरवतं, आणि ती कित्येक पट असते. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही हेच गणित. परदेशी विद्यार्थी अशा रीतीने अंदाजपत्रकातली जमेची बाजू झाला आणि घरभाडी वाढली की तोच दोषीही ठरू लागला. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांनी आपल्याकडे खळबळ माजली होती. २०२४च्या जानेवारीत कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. पैशासाठी बोलावलेल्या पाहुण्याला पैशाच्याच हिशेबाने परत पाठवता येतं. मधल्या काळात त्याची ओळख करून घ्यायची गरज यजमानाला पडलेली नसते.

पुण्याचा धडा

यजमान म्हणून आपण कसे आहोत? फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. एका मुलाच्या खोलीच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला. ती त्याला जेवण पोचवत होती. परक्या गावात आजारी पडलेल्या मुलाची दखल घेणारी कुठलीच व्यवस्था नाही, हे त्यांना टोचलं आणि १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिंबायोसिस’ हे केंद्र सुरू झालं. आजच्या अवाढव्य विद्यापीठाचं मूळ एका यजमानाने केलेल्या चौकशीत आहे.

पुण्यानेच दुसरी वाटही दाखवली. अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या महाविद्यालयांच्या कार्यक्रमातून येणारे विद्यार्थी पुण्यातल्या घरांत राहत आणि मराठी शिकत. परकीयांना मराठी शिकवण्यासाठी मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी केलेली पुस्तकं त्या काळाची देणगी. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांच्या मागे महाराष्ट्रभर हिंडले, तेही मराठी आत्मसात करूनच. पण इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतून पदवीसाठी आलेल्या मुलांशी पुण्याचा संबंध बहुतेक इंग्रजीतून आणि भाड्याच्या खोलीपुरताच राहिला. खोली देताना त्वचेचा रंग आणि स्वयंपाकघरात काय शिजणार, हे बघणारे घरमालक अजून आहेत.

२०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्यांत नेपाळचे २८ टक्के. बाहेर गेलेले भारतीय १३ लाखांवर. हा तोल बदलावा म्हणून परदेशी विद्यापीठांना इथे शाखा काढायची मुभा २०२३ मध्ये मिळाली आणि जून २०२५ मध्ये मुंबई परिसरासाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. याच काळात पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीची मराठी माध्यमाची तुकडी सुरू झाली. दोन्हींचा उगम २०२०च्या शैक्षणिक धोरणात आहे, पण या दोन वर्गांची एकमेकांशी गाठ पडेल, अशी सोय अजून कोणी केलेली नाही.

जिथे दोन्ही बाजू हलल्या

काही ठिकाणी अशी गाठ पाडण्याची सोय केलेली आहे. उत्तर इटलीत १९९७ मध्ये स्थापन झालेलं बोल्झानोचं विद्यापीठ जर्मन, इटालियन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत शिकवतं. एकाच भाषेवर तिथे भागत नाही. लक्झेंबर्गचं विद्यापीठ फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीत चालतं. जपानमधल्या बेप्पू शहरात २००० मध्ये उघडलेल्या रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठाने निम्मे विद्यार्थी आणि निम्मे शिक्षक परदेशी असावेत असं ठरवलं. तिथे इंग्रजीतून प्रवेश घेतलेल्याला जपानी शिकावी लागते आणि जपानीतून आलेल्याला इंग्रजी. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल विद्यापीठाने २०१४पासून झुलू न येणाऱ्या नव्या पदवी विद्यार्थ्यांना त्या भाषेचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. स्वीडनमधल्या माल्मोच्या बेंग्ट निल्सन यांचा आग्रह त्याच दिशेचा होता: परदेशी न जाणाऱ्या बहुसंख्य मुलांनाही घरच्या विद्यापीठात जग भेटलं पाहिजे.

या सगळ्यांत खर्च आहे, कटकट आहे. दोन भाषांत शिकवायला शिक्षक जास्त लागतात, वेळापत्रक गुंतागुंतीचं होतं. पण कष्टांची वाटणी होते. एकभाषी इंग्रजी वर्ग स्वस्त दिसतो, कारण त्याची किंमत विद्यार्थ्याच्या रात्रीच्या जागरणात, परत आलेल्या निबंधांत आणि गप्प बसण्यात दडलेली असते.

म्हणून नवी मुंबईत उद्या परदेशी विद्यापीठाची पाटी लागेल तेव्हा किती देशांतून मुलं आली एवढंच विचारून थांबू नये. बाहेरून आलेल्यांसाठी मराठीचा श्रेयांक असलेला अभ्यासक्रम आहे का? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला शंका मराठीत विचारता येईल का? वेगळ्या उच्चारांचं इंग्रजी समजून घेण्याचा सराव शिक्षकांना दिला आहे का? वाचनयादीत तुकाराम, फुले किंवा आंबेडकर आहेत का? जमिनीचे आणि परवानग्यांचे करार होत असताना या अटी घालता येतात. इमारती उभ्या राहिल्यावर त्यांची फक्त विनंती होते.